पिशवीतली पानं

आमच्या गावात भोंगा एकच होता. लाउडस्पीकरचा सेट एक, तो बांधायचा टांगा एक, आणि टांग्यात बसून ओरडणारा मीपण एकच. त्यामुळं बहात्तर साली पंचायत समितीची निवडणूक लागली तेव्हा दोन्ही उमेदवार माझ्याकडंच आले. एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची शिडी; म्हणून गावात त्यांची नावंच छत्रीवाले नि शिडीवाले पडली. वाटणी अशी ठरली की सकाळी छत्री, दुपारनंतर शिडी, मधे घोड्याला वैरण.

मला शाळेपासून आवाज काढायचा नाद. हेडमास्तर, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, एकदा ऐकला की तो माणूस माझ्या गळ्यात येऊन बसायचा. म्हणून सकाळी मी छत्रीवाल्यांच्या जाड, जेवून उठल्यासारख्या आवाजात "बंधू-भगिनींनो" म्हणायचो आणि दुपारी शिडीवाल्यांच्या किनऱ्या, नाकातल्या आवाजात सकाळच्या भाषणाला उत्तर द्यायचो. उत्तर चोख असायचं, कारण प्रश्न मीच विचारलेला असायचा. टांगेवाल्याची मात्र पंचाईत झाली. पहिल्या आठवड्यात त्याचं मत चार वेळा फिरलं.

"सकाळचं पटतं रं," तो म्हणायचा, "पर दुपारचं त्याच्याहून लई पटतं."

मला स्वतःला मत नव्हतं. मताला एकवीस पुरी लागायची, मला विसावं चालू होतं. तीन आठवडे दोन्ही बाजूंनी बोंबललो आणि मतदानाच्या दिवशी शाळेच्या कुंपणाबाहेर उभा राहून दोन्हीकडच्या लोकांना हात केला. शिडी आली. छत्री पडली. आभाळ तेव्हा कोरडं ठणठणीत होतं आणि लोक छत्रीवाल्यांना तोंडावर म्हणायचे, आधी पाऊस आणा, मग छत्री मागा.

हे सगळं माहीत असल्यामुळंच गुरुजींनी ती कादंबरी माझ्या हातात ठेवली.

गुरुजी म्हणजे मला चौथीला शिकवलेले. निवृत्त झाल्यावर गावचं वाचनालय त्यांनी अंगावर घेतलं. पेठेच्या मागं एक खोली, दोन कपाटं, एक लांब टेबल, आणि भिंतीवर तांबड्या रंगात एक वाक्य: पुस्तकास पाते लावू नये. मागं कुणीतरी ब्लेडनं एका मासिकातली चित्रं कापून नेली होती, तेव्हापासून हे वाक्य. गुरुजींच्या हातात शाळेतली फूटपट्टी अजून असायचीच. माझ्या तळहाताची तिची जुनी ओळख होती.

वाचनालयाची मान्यता त्या वर्षी टांगणीला लागली होती. जिल्ह्याहून निरीक्षक साहेब यायचे. मागच्या भेटीत ते शेरा मारून गेले होते, 'पुस्तके आहेत, वाचक आढळले नाहीत.' या खेपेलाही आढळले नाहीत तर मान्यता जाणार. आणि मान्यता गेली की खोली जाणार, कारण दुष्काळी कामं सुरू झाली होती आणि ग्रामपंचायतीला घमेली, फावडी ठेवायला जागा पाहिजे होती. घमेली तर आधीच येऊन दाराशी रचून ठेवली होती. गुरुजी रोज सकाळी त्यांना वळसा घालून आत यायचे.

"वाचक मेळावा घेतो," गुरुजी मला म्हणाले. "एका वाचकानं एका नव्या कादंबरीवर बोलायचं. ही कादंबरी प्रचाराची आहे. तू प्रचार केलायस."

"दोन्हीकडून केलाय गुरुजी."

"म्हणजे समतोल बोलशील. पण एक अट आहे. स्वतःच्या आवाजात बोलायचं. माकडचाळे नकोत."

मी हो म्हणालो. माझा स्वतःचा आवाज कुठला, हा विचार तेव्हा डोक्यात आलाच नव्हता.

कादंबरी अशी होती. एक तरुण कार्यकर्ता. खांद्याला पिशवी, पायात तुटकी वहाण. तो आपल्या पुढाऱ्यासाठी वाड्यावस्त्या तुडवतो. भिंती रंगवतो, पत्रकं वाटतो, आणि जो भेटेल त्याच्याशी दोन-दोन पानं बोलतो. आत्याला भेटायला जातो तर आत्यालाही भाषण. मला पहिल्या शंभर पानांत तो माणूस काही पटला नाही. अख्ख्या कादंबरीत त्याला कुणी "चहा झाला का" असं विचारत नव्हतं. कुठलाही घोडा मधेच अडून बसत नव्हता. आणि बेलभंडारा तर कुठंच नाही.

आमच्याकडं बेलभंडाऱ्याशिवाय निवडणूक व्हायची नाही. प्रचारवाला घरात शिरला की पाणी पिऊन पुडी सोडायचा, आणि घरातल्याच्या तळहातावर खंडोबाचा भंडारा नि बेलाचं पान ठेवून शपथ घ्यायला लावायचा. सकाळी एका म्हातारीनं माझ्यादेखत छत्रीसाठी बेलभंडारा उचलला. दुपारी मी शिडीवाल्यांबरोबर गेलो तर तिनं पुन्हा उचलला.

"आजे, सकाळी उचलल्ता न्हवं?" मी हळूच विचारलं.

"सकाळी उजव्या हातानं उचलल्ता," म्हातारी म्हणाली. "ह्यो डावा हाय. देवाला दोन्ही हात दिसत्यात. त्याचं तो ठरवील."

अशी माणसं त्या लेखकाला भेटलीच नव्हती.

पण खरी भानगड वेगळीच होती. त्या कादंबरीची बरीच पानं जोडलेली होती. छापखान्यात घडी कापायचीच राहिली होती, त्यामुळं मधेमधे दोन पानं कडेनं बंद, पाकिटासारखी. वाचायची तर पट्टीनं घडी फाडायला पाहिजे. पण भिंतीवर वाक्य होतं. आणि आमचं गाव गुरुजींचं एवढं ऐकायचं की त्या वाचनालयातल्या कुठल्याच पुस्तकाची घडी कुणी कधी फाडली नव्हती. लोक जेवढं उघडं असेल तेवढं वाचायचे आणि पुस्तक परत करायचे.

दवाखान्यातले कंपाउंडर आमच्याकडचे सगळ्यात मोठे वाचक. मी त्यांना विचारलं, "मधलं कळत न्हाई, मग गोष्ट कशी लागते?"

"नवं लिखान असंच असतं," ते म्हणाले. "मानूस दारात उभा असतो, पान उलटलं की तो मुंबईत. मधलं आपन समजून घ्यायचं."

खून झाला आणि खुनी सापडलाच नाही, अशा तीन रहस्यकथा त्यांनी समजून घेतल्या होत्या.

मला मात्र मेळाव्यात बोलायचं होतं. म्हणून मी एक युक्ती काढली. जोडलेल्या पानांत वरून फुंकर मारली की त्यांची पिशवी फुगायची. मग पुस्तक उन्हाकडं धरायचं, खालून एक डोळा लावायचा, दुसरा मिटायचा आणि वाचायचं. श्वास संपला की पिशवी बसायची. एका फुंकरीत तीन ओळी. घडीच्या अगदी कडेचं काही दिसायचं नाही, तिथं मी पदरचं घालायचो. पायरीवर बसून हे चाललेलं आईनं पाहिलं.

"पुस्तकाला ताप आलाय का?" तिनं विचारलं. "इतकी फुंकर मी चुलीला घालत न्हाई."

आणि गंमत अशी की त्या कादंबरीतलं जे काही चांगलं होतं ते सगळं पिशव्यांतच होतं. बाहेरच्या पानांवर तो भाषणं करायचा आणि आतल्या पानांवर गप्प बसायचा. एका पिशवीत तो शेतात उभा राहून ज्वारीसमोर पुढाऱ्याच्या भाषणाची तालीम करतो आणि त्याला स्वतःचंच हसू येतं. शेवटाकडच्या एका पिशवीत, सगळं उरकल्यावर त्याला आठवलेला मतदानाचा दिवस. सबंध दिवस तो म्हाताऱ्याकोताऱ्यांना बैलगाडीतून आणतो, आणि शेवटची म्हातारी पोचवून आत जातो तर वेळ संपलेली. स्वतःचं मत राहिलंच. मग तो शाळेच्या ओट्यावर बसून कुणीतरी दिलेले शेंगदाणे खातो. एवढंच. ते वाचून मी डोळा काढला आणि बराच वेळ पुढची फुंकर मारलीच नाही.

लक्षात राहावं म्हणून मी सगळं आवाजात वाचलं. कार्यकर्त्याला टांगेवाल्याचा आवाज दिला, पुढाऱ्याला छत्रीवाल्यांचा, विरोधकाला शिडीवाल्यांचा. तसं केल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसतच नाही.

मेळाव्याच्या दिवशी गुरुजींनी छत्रीवाले आणि शिडीवाले दोघांनाही पुढच्या बाकावर बसवलं. एकाला बोलावून दुसऱ्याला वगळणं परवडणारं नव्हतं. हार दोन, दोन्ही पट्टीनं मोजून सारखे. वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायची शिडी गुरुजींनी आधीच बाहेर भिंतीला नेऊन ठेवली होती, उगाच एका बाजूचं दिसायला नको म्हणून. आणि निरीक्षक साहेब आले ते हातात छत्री घेऊन. अंगाची लाही होत होती, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, आणि साहेबांच्या हातात काळी करकरीत छत्री.

शिडीवाल्यांनी ती निरखून पाहिली. "साहेब तिकडचेच दिसत्यात," ते शेजाऱ्याला म्हणाले.

"ऊन फार आहे हो," साहेब म्हणाले. पण छत्रीवाल्यांनी तोवर उठून त्यांना नमस्कार केला होता.

मी बोलायला उभा राहिलो. स्वतःच्या आवाजात बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि आतून जे बाहेर आलं ते कुणाचं होतं कुणास ठाऊक. पाणी घातलेल्या ताकासारखं काहीतरी. मी म्हणालो, "कादंबरी चांगली आहे. प्रचाराची आहे. पहिल्यांदा सुरुवात आहे." पुढं सुचेना.

"भोंगा लावा त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी टेबलावरची कादंबरी उचलली आणि चाळायला लागले. चाळताना त्यांची बोटं अडली. पुन्हा अडली. त्यांनी चष्मा वर केला.

"गुरुजी, ही पानं जोडलेली आहेत."

"हो."

"म्हणजे ही कादंबरी कुणी वाचलेलीच नाही."

कंपाउंडर उठले. "मी वाचलीय साहेब. मधलं समजून घेतलंय."

साहेबांनी कपाटातलं दुसरं पुस्तक काढलं. जोडलेलं. तिसरं काढलं. जोडलेलं. त्यांनी आपल्या बॅगेतून भेटीची वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. गुरुजींनी फूटपट्टी उचलून भिंतीवरच्या वाक्याकडं दाखवली, पण हात मधेच खाली आला. मी त्यांना कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. ते दारातून दिसणाऱ्या घमेल्यांकडं बघत होते.

"साहेब," मी म्हणालो, "मी आतलंबी वाचलंय."

"कसं?"

मी पुस्तक घेतलं, फुंकर मारली, डोळा लावून दाखवला. साहेबांनी ते दोनदा करायला लावलं. मग स्वतः एकदा करून पाहिलं. मग एक पिशवी बोटात धरून माझ्यापुढं केली.

"एकशे बारा आणि एकशे तेरा. काय आहे यात? न बघता सांगायचं."

मला पान डोळ्यांपुढं दिसत होतं, पण तोंडात शब्द येईना. मी गुरुजींकडं वळलो. "गुरुजी, आवाजाशिवाय आठवत न्हाई."

गुरुजींनी टोपण काढलेल्या पेनाकडं बघितलं. "काढ," ते म्हणाले.

मग काय. एकशे बारावर पुढारी निवडून आलेला आहे, मिरवणूक चालली आहे. मी छत्रीवाल्यांचा आवाज लावला आणि "बंधू-भगिनींनो, हा विजय तुमचा आहे" अशी सुरुवात केली. पुढच्या बाकावर छत्रीवाले ताठ झाले. ते स्वतः पडलेले, आणि इथं त्यांच्या आवाजात गुलाल उधळला जात होता. शिडीवाले मांडीवर थाप मारून हसले, तेवढ्यात त्यांच्या नाकातला आवाज लावून मी हरलेल्या विरोधकाचं रडगाणं सुरू केलं.

"थांब," शिडीवाले म्हणाले. "मी निवडून आलोय."

"कादंबरीत न्हाई आला तुमी."

"मग फेरमोजणी करा," ते म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले का खरंच, ते आजतागायत कळलेलं नाही. मागच्या दोघांनी मात्र लगेच हात वर केले.

मी पुढं गेलो. मिरवणुकीत कार्यकर्ता गर्दी सारत पुढाऱ्याजवळ जातो, पाया पडायला वाकतो. पुढारी बेलभंडारा त्याच्या हातावर ठेवतो आणि विचारतो. छत्रीवाल्यांच्या जाड आवाजात मी विचारलं, "तू कोन रं? कुठल्या वाडीचा?"

"हे मी कधी म्हनालो?" छत्रीवाले उठले.

"तुमी न्हाई. पुस्तकातला पुढारी."

"आवाज माझा हाय की. लोकं काय समजतील? अन् हे पोरगं कोन हाय? कुनाचं हाय हे?"

तीन आठवडे रोज सकाळी मी त्यांच्या टांग्यात होतो. त्यांच्या घरचे पोहे खाल्ले होते. टांगेवाला मागून म्हणाला, "अवो, तुमचा आवाज हाय त्यो." पण मी तोवर थांबलो नव्हतो, कारण थांबलो असतो तर पुढचं विसरलो असतो. टांगेवाल्याच्या आवाजात कार्यकर्त्याचं उत्तर दिलं. उत्तरात माझं नाव सांगितलं. आडनावासकट.

लोक हसून बाकावरून पडायचे बाकी राहिले. छत्रीवाले खाली बसले आणि मान हलवत म्हणाले, "हां. आत्ता वळखलं."

साहेब हसले नाहीत. "तपासून बघायला पाहिजे," ते म्हणाले. "कापायला काहीतरी द्या."

कुणीतरी अडकित्ता पुढं केला, कुणी ऊसतोडीचा कोयता आणायला निघाला. गुरुजींनी हातानं सगळ्यांना थांबवलं. भिंतीकडं एकदा पाठ केली. आपली फूटपट्टी घडीत घातली आणि इतक्या हळू ओढली की आवाजसुद्धा झाला नाही. पानं उघडली.

साहेबांनी वाचलं. मिरवणूक होती. विरोधकाचं रडगाणं होतं. पुढारी होता आणि त्याचा प्रश्न होता. साहेब मान डोलावत होते, मग थांबले.

"बेलभंडारा कुठाय यात?"

"घडीत असंल साहेब."

"घडी आता उघडी आहे." त्यांनी बोट ठेवलं. "आणि 'तू कोण' विचारल्यावर हा काहीच बोलत नाही. 'तो गर्दीतून मागे सरला' एवढंच आहे. नाव कुठून आणलंस?"

मी बघितलं. खरंच काही नव्हतं. घडीच्या कडेचं जे मला दिसत नव्हतं तिथं मला वाटलं होतं, त्यानं नाव सांगितलं असणार. विचारल्यावर माणूस नाव सांगणारच की.

"बाकी सगळं बरोबर आहे," साहेब पुटपुटले आणि वाचतच राहिले. पान उलटलं. पुढची पिशवी आली तर त्यांनी न बघता गुरुजींपुढं हात केला, गुरुजींनी पट्टी दिली. चाळीस माणसं गप्प बसून एक सरकारी माणूस कादंबरी वाचताना बघत होती. मधेच त्यांनी मला विचारलं, "याचं मत राहतं की काय शेवटी?"

"सांगू का?"

"नको."

एसटीची वेळ झाली तेव्हा कुठं त्यांनी वही ओढली आणि शेरा लिहिला. गुरुजींनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'एक वाचक आढळला. मान्यता चालू ठेवावी. पुस्तके उघडण्याची सोय करावी.' मग साहेब एसटीकडं चालत निघाले, चालताना वाचत. घमेल्यांना अडखळले तरी मान वर केली नाही.

कादंबरी त्यांच्याबरोबर गेली आणि छत्री आमच्याकडं राहिली.

दुसऱ्या दिवसापासून घमेली तालमीत हलवली आणि गुरुजी फूटपट्टी घेऊन कपाटं उघडून बसले. रोज पाच-सहा पुस्तकं. कंपाउंडर तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत, कारण त्यांच्या आवडत्या गोष्टीत खुनी निघाला तो नेमका त्यांना भला वाटलेला माणूस. साहेबांची छत्री गुरुजींनी रजिस्टरात कादंबरीच्या बदली लिहून ठेवली, नंबर घातला आणि खिळ्याला अडकवली. शिडीवाले पेपर वाचायला आले, छत्रीकडं बघून म्हणाले की सार्वजनिक जागेत हे बरं दिसत न्हाई. तेव्हा गुरुजींनी बाहेरची शिडी आत आणली आणि छत्री शिडीला टांगली. दोघांचीही तोंडं बंद झाली.

मी एकदा गेलो तर गुरुजी पट्टी बाजूला ठेवून बसले होते.

"ती कादंबरी मी वाचलीच नाही," ते म्हणाले. "वाक्य मीच लिहिलेलं. मला तरी कसं फाडता येणार? सांग सगळी. पहिल्यापासून."

"आवाजात?"

"तुला जमेल तशी."

मी शेंगदाण्यांपर्यंत सगळी सांगितली. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मिरवणुकीच्या पानावर मी आपण होऊन दुरुस्ती केली. म्हणालो, पुढारी विचारतो तू कोण, आणि तो काही न बोलता मागे सरतो.

गुरुजींनी एक डोळा उघडला.

"नाही," ते म्हणाले. "तिथं तू घातलेलंच राहू दे."